मस्कतला धाडलेला मुऱ्हाळी

आमच्या घरात खरी भांडणं दोनच माणसांची व्हायची: माझे सासरे, ज्यांना धुळ्यातलं सगळं देवपूर आबा म्हणायचं, आणि त्यांची लेक, म्हणजे माझी नणंद, ताई. बाकीचे आम्ही बघे. दोघांचा स्वभाव एकच, त्यामुळे कोण कुणाला काय बोलणार हे दोघांनाही आधीच माहीत असायचं आणि तरीही ते बोलायचेच. भांडण संपलं की आबा मळ्यातला हरभरा सोलून तिच्या पुढ्यात ठेवायचे, ती तो खायची आणि विषय मिटायचा. माफी मागायची पद्धत आमच्याकडे नव्हती, अजूनही नाही.

ताईचं सासर जळगावचं. दरवर्षी आखाजीच्या आधी माझा नवरा तिला घ्यायला जायचा. खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकींचा सण. पण लेक आपल्या पायांनी उठून येत नाही, माहेरचं माणूस तिला न्यायला यावं लागतं. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळी आला नाही तर एसटी दारावरून जात असली तरी लेक पिशवी उचलत नाही. यात तिचा मान असतो. हा मान ताईला जरा जास्तच होता, असं मी भावजयीच्या हक्कानं म्हणते. भाऊ आला तरी ती आधी चहा करायची, मग जेवायला घालायची आणि त्याला दोन वेळा विनवायला लावून मग निघायची.

मग जावयांना मस्कतला नोकरी लागली. आबांना हे मुळीच रुचलं नव्हतं. निरोपाच्या दिवशी सगळे डोळे पुसत असताना आबा म्हणाले, "इतला दूर मुऱ्हाळी कोन धाडी?" यात काळजी होती हे आम्हाला कळलं. ताईलाही कळलं असणार. पण तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "मंग नका धाडू."

झालं. पुढच्या आखाजीला मुऱ्हाळी गेला नाही आणि लेक आली नाही. माझ्या नवऱ्याकडे पासपोर्ट नव्हता, आणि असता तरी आखाजीसाठी कुणी विमानानं मुऱ्हाळी धाडल्याचं धुळ्यात कुणी ऐकलं नव्हतं. सासूबाईंनी, म्हणजे अक्कांनी, आबांना सुचवून पाहिलं की फोन करून बोलवा. आबा म्हणाले, फोनवर दळण आणायला सांगतात, लेकीला आखाजीला बोलवत नाहीत. त्या सणाला निंबाच्या झाडावर लेकींचा झोका बांधलाच नाही. आबा दिवसभर कारखान्यात जाऊन बसले. सण म्हणून कारखाना बंद होता, हे त्यांना तिथं गेल्यावर आठवलं म्हणे. मला ते काही पटलं नाही.

कारखाना म्हणजे जिनिंगच्या यंत्रांचे सुटे भाग बनवण्याचा. कपाशीतून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांना लागणारे रोलर, पाती, असलं सगळं. काही माल आफ्रिकेतही जायचा. मी लग्नाआधी जळगावला कम्प्युटरचा कोर्स केलेला, म्हणून ऑफिसातला पत्रव्यवहार माझ्याकडे आला होता. नवरा दौऱ्यावर आणि मी टेबलावर, अशी वाटणी होती. ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटाची. परदेशातली गिऱ्हाइकं फॅक्सवरून ईमेलवर यायला लागली होती. ऑफिसात कम्प्युटर तीन आणि फोनची लाइन एक. इंटरनेटसाठी फोन नाशिकला लावावा लागायचा. तिन्ही टेबलं आपापला फोन लावू लागली तर धंद्याचे फोन यायचे कुठून?

यावर देवपुरात कम्प्युटरचा क्लास चालवणाऱ्या एका सरांनी तोड काढली. एक जुनं मशीन कोपऱ्यात ठेवायचं. तिन्ही टेबलांनी आपलं जाणारं टपाल त्याच्याकडे सोपवायचं. ते मशीन सगळं टपाल रांगेत लावून ठेवणार आणि सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा नाशिकला फोन लावून एकदम पाठवून देणार. येणारं टपालही त्याच फोनवर उतरवून घेणार आणि ज्याच्या त्याच्या नावाच्या पेटीत टाकणार. सरांनी एक जाडजूड पुस्तक मला दिलं आणि म्हणाले, निम्मं तुम्ही करा, निम्मं मी करतो. ते पुस्तक वाचून मला एवढंच कळलं की ते लिहिणाऱ्या माणसाला वाचणाऱ्याबद्दल फारसं प्रेम नव्हतं.

पहिल्याच दिवशी मशीननं सगळ्यांचं टपाल नाकारलं. सरांनी समजावलं की हे असंच हवं. कुणाचंही टपाल घेतलं तर जगातले उपटसुंभ आपल्या दारातून पत्रं टाकत बसतील आणि बदनामी आपली. म्हणून घरची माणसं कोण ते त्याला आधी सांगावं लागतं. मी सांगितलं. पण तिन्ही टेबलांवरच्या कम्प्युटरांचे ओळखीचे आकडे लिहिताना एकाचा आकडा चुकला, आणि नेमका आबांच्या टेबलाचा. माझं आणि कारकुनाचं टपाल मशीननं मुकाट्यानं घेतलं आणि मालकांना परत पाठवलं. आबा कम्प्युटरच्या पडद्याजवळ वाकून म्हणाले, "मना कारखाना, मनं मशीन, अन् मालेच ओयखत नही?" सरांना घाम फुटला. मी तोंड फिरवून हसले. मालकाला दारात अडवणारं कुणीतरी त्या ऑफिसात आलं, याचा मला फार आनंद झाला होता.

तेही दुरुस्त झालं. आता आबांना दुसराच छंद लागला. टपाल 'पाठवलं' म्हणजे ते गेलं नाही, रांगेत उभं आहे, हे त्यांना सहन होईना. रांग म्हटली की रॉकेलची, नाहीतर रेशनची. आपलं पत्र कशाला रांगेत? ते येता-जाता मशीनच्या खोक्यावर हात ठेवून विचारायचे, "गया का?" संध्याकाळी मोडेम किंचाळायला लागला की चहा बाजूला ठेवून समोर उभे राहायचे. पत्रं निघून गेली की मी मान हलवायची आणि मग ते कपाला हात लावायचे.

आफ्रिकेतून उत्तरं येऊ लागली. एका दिवसात पत्र जातं आणि दुसऱ्या दिवशी उत्तर येतं, हे आबांनी पाहिलं आणि एके सकाळी, गुढीपाडवा होऊन थोडे दिवस झाले असतील, माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. बराच वेळ रोलरच्या ऑर्डरबद्दल बोलले. ऑर्डर आदल्याच दिवशी निघाली होती. मग म्हणाले, "मस्कतले बी जास का हाई?"

जातं म्हटलं. जावयांच्या ऑफिसचा पत्ता माझ्याकडे होता. ताई सुट्टीच्या दिवशी तिथं जाऊन मला दोन ओळी लिहायची, हे मी आबांना सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नव्हतं.

"मंग हाऊच आपला मुऱ्हाळी," आबा म्हणाले.

मला इतकं बरं वाटलं की चेष्टा करायचीसुद्धा राहून गेली. ताई नसली की त्या घरात माझ्या बाजूनं बोलणारं कुणी नसायचं. तिची आठवण मला आबांपेक्षा काही कमी येत नव्हती.

पत्राचा मजकूर ठरायला दोन दिवस लागले. शेवटी जे ठरलं ते असं: आखाजीला यावे, अक्का वाट पाहते. स्वतः वाट पाहतात हे आबा कागदावर येऊ देईनात. मी इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप केलं, सगळ्यात वर 'श्री' घातलं, दोन्ही बाजूंना दोन-दोन उभ्या रेघा काढल्या आणि वाचायला म्हणून छापून त्यांच्या हातात दिलं. आबांनी कागद दूर धरून पाहिला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

छापलेल्या कागदावर श्री होतं, पण त्याच्याही वर चार ओळी होत्या. कुणाकडून, कुणाला, तारीख, विषय. मेलच्या डोक्यावर त्या असतातच.

"श्रीना वर कोनी बसानं नही," आबा म्हणाले. "तारीख बी नही, जावई बी नही."

मी सांगून पाहिलं की त्या ओळी मशीन घालतं. तर म्हणाले, मशीन आपलं आहे ना, मग त्याला सांगा. लग्नाची पत्रिका असो की बारशाचं बोलावणं, श्री पहिलं, मग बाकीचं जग. यात चूक काही नव्हती. आमच्या घरातून तोवर गेलेल्या प्रत्येक कागदाच्या माथ्यावर श्री होतं, अगदी वीजमंडळाला पाठवलेल्या तक्रारीच्यासुद्धा.

सरांना बोलावलं. त्यांना असली कामं फार आवडायची. पाठ्यपुस्तकात नसलेलं काही करायला मिळालं की ते खुलायचे. नदीच्या पुलावरून स्कूटर हाणत आले, मशीनसमोर बसले आणि एक छोटासा प्रोग्राम लिहिला. आता टेबलावरून टपाल आलं की मशीन ते उघडणार, सगळ्या ओळींच्या वर, अगदी पहिल्या ओळीच्याही आधी, श्री लिहिणार आणि मगच रांगेत लावणार. आबांनी विचारलं, हे फक्त पोरीच्या पत्रालाच का? गिऱ्हाइकांनी काय घोडं मारलंय? म्हणून ते सगळ्याच टपालाला लावलं. आम्ही एक मेल माझ्या मलाच पाठवून पाहिली. छापून काढली. माथ्यावर श्री, त्याखाली कुणाकडून, कुणाला, सगळं नीट. सरांनी कागद आबांना दिला, आबांनी तो कपाळाला लावला आणि सरांना पेढे मिळाले.

संध्याकाळी मोडेम किंचाळला आणि मुऱ्हाळी मस्कतला निघाला.

दुसऱ्या दिवशी उत्तर नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आबा म्हणाले, आधी चहा करत असेल. हा विनोद त्यांनी स्वतःहून केला होता, म्हणजे त्यांची कळी चांगलीच खुललेली होती. आठवडा गेला. मग 'गया का' विचारायचं बंद झालं आणि 'उना का', म्हणजे आलं का, सुरू झालं. मी पेटी उघडायची आणि नाही म्हणून मान हलवायची. मी पुन्हा एक मेल पाठवली, माझ्या नावानं. तिलाही उत्तर नाही. ताई माझ्यावर रुसायचं काही कारण नव्हतं, म्हणून मला ते जास्त लागलं. अक्कांनी सांजोऱ्यांसाठी रवा आणून ठेवला होता, तो त्यांनी डब्यात भरून वर ठेवून दिला.

"पोर रुसेल शे," आबा एवढंच म्हणायचे आणि पुढं काही बोलायचे नाहीत. घरात एक वेळ त्यांचं ओरडणं चाललं असतं. हे गप्प बसणं नको वाटायचं. एकदा जेवताना मी फोनची आठवण काढली. त्यांनी पाटावरून न उठता ताट सरकवलं. तिनं बोलावणं ऐकून तोंड फिरवलं असेल तर फोनवर काय ऐकायचं, असा त्यांचा हिशेब असावा. तेव्हा मी चिडले. एकीनं मुऱ्हाळ्यासाठी अडून बसायचं, दुसऱ्यानं उत्तरासाठी, आणि मध्ये मी पेट्या उघडत बसायची.

ताईच्या नादात आमच्या एक गोष्ट लक्षात आली नव्हती. आफ्रिकेतून येणारी उत्तरंही थांबली होती. गिऱ्हाइकांचा हंगाम संपला असेल, असं आम्ही आपलं धरून चाललो होतो. आखाजी अगदी तोंडावर आली असताना तिकडून एक फॅक्स आला. बरा रागावलेला. तुम्हाला सारखी उत्तरं लिहितो आहोत, तुम्ही तेच ते पुन्हा विचारता, तुमच्याकडे कुणी वाचतं की नाही? आणि खाली एक ओळ: प्रत्येक पत्राच्या सुरुवातीला उभ्या रेघांमध्ये तुम्ही जे लिहिता, तो तुमच्या मालाचा नवा नंबर आहे काय?

मी सरांना फोन केला. ते आले, पुस्तक उघडलं, बरीच पानं उलटली आणि हळूहळू त्यांचा चेहरा उतरला.

प्रकार साधा होता. मेलच्या माथ्यावरच्या ओळी मशीनसाठी असतात. तिथं कुणाकडून आलं हे लिहिलं असेल तरच उत्तर त्या माणसाकडे परत येतं. आम्ही त्या ओळींच्या डोक्यावर श्री बसवलं. श्री ही काही पत्त्याची ओळ नव्हे. ते दिसताक्षणी पुढच्या मशीनांनी ओळखलं, की माथा संपला आणि मजकूर सुरू झाला. आमची नावं मजकुरात गेली. वाचणाऱ्याला दिसायची, मशीनला नाही. मग पाठवणारा कोण? तर ज्याच्या हातानं श्री लिहिलं गेलं तो, म्हणजे कोपऱ्यातलं आमचं मशीनच. जगभरातून आलेली उत्तरं मशीनच्या स्वतःच्या नावाच्या पेटीत जाऊन पडत होती, आणि मशीनलाही कुणी पत्र लिहील असं आमच्यापैकी कुणाच्या मनात आलं नव्हतं.

सरांनी ती पेटी उघडली. गिऱ्हाइकांची पत्रं होती ती होतीच, मधूनमधून ताईची. मी आबांना बोलावलं. ते खुर्चीवर बसले नाहीत, टेबलाला धरून उभे राहिले आणि मी वाचत गेले.

पहिलं पत्र आमचं बोलावणं पोचल्याच्या दुसऱ्या दिवसाचं होतं. मुऱ्हाळी आला, मोठा घाईचा आहे, चहासुद्धा न घेता गेला, असं तिनं लिहिलं होतं. येते. तिकीट काढायला सांगितलं आहे. मुंबईला घ्यायला कोण येईल ते कळवा.

पुढच्या पत्रात, येते म्हणून कळवलं होतं, मिळालं ना? त्याच्या पुढच्यात, वहिनी, तूही येतेस का एवढंच विचारतेस, माझ्या उत्तराचं कुणी नाव काढत नाही, आबांना न विचारता तूच बोलावलंस का मला? मग थोडे दिवस काही नव्हतं. शेवटचं पत्र आदल्या दिवशीचं. ते मला मोठ्यानं वाचवेना, पण आबा ऐकायला उभे होते म्हणून वाचलं. श्री घालून बोलावलंत आणि मग तोंड फिरवलंत. इतकी शिक्षा पुरे आबा. तिकीट परत केलं.

 आबांनी माझ्या टेबलावरचा फोन स्वतःकडे ओढला आणि मला नंबर विचारला. जावयांच्या ऑफिसचा नंबर मी सांगितला, तो त्यांनी स्वतः फिरवला. जावयांनी घेतला असणार. आबा म्हणाले, पोरीला बोलवा, मी थांबतो. परदेशचा फोन धरून ते थांबले. घर बहुधा जवळच असावं. बऱ्याच वेळानं ताई आली.

"तुना बठ्ठा कागद आज भेटनात," आबा म्हणाले. "मशीनना पोटमा पडेल व्हतात."

पलीकडून काय आलं ते आम्हाला ऐकू आलं नाही. आबा ऐकत राहिले. मग म्हणाले, "नही. मी बलायं. अक्कानी नही, वहिनीनी नही. मी." मग पुन्हा ऐकलं. "तू कवय बी ये. मीच लेवाले येसू."

फोन ठेवल्यावर ते बाहेर जाऊन लेथ मशीनच्या आवाजात उभे राहिले. सरांनी त्या वेळात आपला प्रोग्राम काढून टाकला. मग हळूच मला म्हणाले, की श्री मजकुराच्या पहिल्या ओळीत राहू शकतं, फक्त त्या चार ओळींच्या खाली. चालेल का? मी आबांना जाऊन विचारलं. वाटलं होतं, आता सरांची धडगत नाही.

"चाली," आबा म्हणाले. "श्रीले राग येस नही. तो मालेच येस."

आखाजी आली आणि गेली. लगेच दुसरं तिकीट मिळालं नाही. मी माझ्या माहेरी, धरणगावला, जाऊन आले. माझा भाऊ रीतसर घ्यायला आला होता आणि मी मुद्दाम त्याला विनवायला लावलं नाही. परत आले तेव्हा आमच्या निंबाला झोका नव्हता. अक्का म्हणाल्या, आबांनी दोर बांधू दिला नाही.

ताई आली ती ज्येष्ठ सरत आल्यावर. आबा मुंबईला स्वतः गेले. मुऱ्हाळी म्हणून भाऊ जातो, भाचा जातो, म्हातारा बाप कधी जात नाही. पण ते गेले, जाताना धोतर नवं नेसले आणि येताना जीपमध्ये दोघंही एकमेकांवर खेकसत आली, तेव्हा कुठं मला घर जागेवर आल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर निंबाला झोका. आबा खाली उभे राहून दोराची गाठ ओढून बघत होते. अक्कांनी पुरण शिजत ठेवलेलं, सांजोऱ्या तळायला घेतलेल्या. रसाला हापूस कुठला मिळायला, नीलम आणले होते, आंबट. आखाजीला पितरांच्या नावानं भरतात ती घागर मात्र अक्कांनी पुन्हा भरली नाही. पितरांना फसवायचं नाही, म्हणाल्या, त्यांची आखाजी झाली.

दर आखाजीला ताई घरात यायची आणि मी पिशवी घेऊन धरणगावला निघायची, आमची गाठ पडायची ती उंबऱ्यावर. एका झोक्यावर आम्ही दोघी कधी बसलोच नव्हतो. त्या दिवशी बसलो. ती उभी राहून झोके चढवत होती, मी खाली बसून ओरडत होते की पुरे, आणि आखाजीची गाणी आम्ही भर दुपारी, आषाढ तोंडावर आलेला असताना म्हणत होतो. गल्लीतल्या बायका गॅलरीत येऊन तोंडाला पदर लावून हसत होत्या. मला लाज वाटत नव्हती. मला रडू येत होतं आणि ते झोक्याच्या वाऱ्यानं येतंय असं मी सांगणार होते, पण कुणी विचारलंच नाही.

समोरचे नाना सायकल धरून फाटकाशी थांबले. झोका बघितला, झोक्यावरच्या दोन घोड्या बघितल्या, पुरणाचा वास घेतला आणि आबांना म्हणाले, "आबा, हाई काय? आखाजी तर कवयनी गई."

आबा झोक्याच्या दोराला हात लावून उभे होते. त्यांनी नानांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तुमनी गई," ते म्हणाले. "मना घरमा आज शे."